विषाची परीक्षा

उंदीर मारण्याचं औषध म्हणून ज्याची ख्याती, तो सोमल रक्ताच्या एका जीवघेण्या कर्करोगावर रामबाण ठरला. चीनमधल्या एका खेड्यातून निघालेल्या या औषधाची हकिकत... आणि त्याच बटव्यातल्या, अजून परीक्षेला न बसलेल्या इतर विषांचीही!

चिनी पंचांगातल्या पाचव्या महिन्याची पंचमी म्हणजे होड्यांच्या शर्यतींचा दिवस. ड्रॅगनच्या तोंडाच्या लांबलचक होड्या, बांबूच्या पानात बांधून शिजवलेला चिकट भात आणि जुन्या रिवाजाप्रमाणे घोटभर पिवळसर दारू. ही दारू साधीसुधी नव्हे. तिच्यात मनशीळ उगाळलेली असते. उन्हाळा तोंडावर आलेला, साप-विंचू बिळाबाहेर पडणार, रोगराई पसरणार... त्यावर हा तोडगा! ज्या पोरांना दारू पाजता येत नाही, त्यांच्या कपाळावर त्याच मनशिळीनं चिनी लिपीतलं 'राजा' हे अक्षर काढायचं. वाघाच्या कपाळावर तसंच चिन्ह असतं म्हणे. वाघ बनलेल्या पोराच्या वाटेला कोण जाणार?

चीनमध्ये घराघरात ठाऊक असलेली पांढऱ्या नागिणीची गोष्ट याच दारूवर बेतलेली आहे. माणसाच्या रूपात राहणारी ही नागीण एका साध्याभोळ्या तरुणाशी लग्न करते. सणाच्या दिवशी नवऱ्याच्या आग्रहाला बळी पडून ती मनशिळीची दारू पिते आणि तिचं मूळ रूप उघडं पडतं. पलंगावर पसरलेली नागीण पाहून नवऱ्याचा धसक्यानं प्राण जातो. पुढे ती त्याला जिवंत करते, वगैरे वगैरे. नाटकं, सिनेमे, टीव्ही मालिका यांनी ही कथा अजरामर केली आहे.

गोष्टीतली नागीण सावरली. मनशीळ पिणारी खरी माणसं मात्र नेहमीच सावरतात असं नाही. कारण मनशीळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग. अलीकडे सणाच्या तोंडावर चीनमधले डॉक्टरच बजावतात, की ही दारू दारांना शिंपडा हवी तर, पण पिऊ नका.

ही खनिजं आपल्यालाही काही परकी नाहीत. नारिंगी-लाल ती मनशीळ, तिची पिवळीधमक बहीण म्हणजे हरताळ, शेंदरी लाल तो हिंगूळ आणि पांढरी भुकटी तो सोमल. पहिल्या दोघींत आर्सेनिक आणि गंधक. हिंगुळात पारा आणि गंधक. सोमल म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, चौघांत सर्वांत जहाल. जुन्या पोथ्यांमध्ये चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा लेप देऊन ते पुसून टाकत. 'नियमांना हरताळ फासला' असं आपण आजही म्हणतो, ते तिथूनच आलं. गंमत म्हणजे चिनी लेखनिकही चूक झाकायला हरताळच वापरायचे, आणि तोंडाला येईल ते बोलणाऱ्या माणसासाठी चिनी भाषेत जो वाक्प्रचार आहे, त्यातही हाच हरताळ डोकावतो!

चिनी वैद्यकात या खनिजांना मोठा मान. वनस्पती, प्राणिज पदार्थ आणि खनिजं यांची वर्गवारी करणाऱ्या चीनच्या सर्वांत जुन्या औषधग्रंथात उत्तम औषधांच्या यादीत हिंगूळ अगदी वर आहे. चित्त शांत करणारा, आयुष्य वाढवणारा असा त्याचा लौकिक. या लौकिकापायी खुद्द सम्राटांचे बळी गेले. अमरत्वाच्या ध्यासानं पारा आणि आर्सेनिकच्या गुट्या खाऊन तांग घराण्यातले एकाहून अधिक सम्राट नवव्या शतकात अकाली गेले. एक गेला तरी पुढचा सावध होत नव्हता, हे विशेष!

तरीही चिनी वैद्य या विषांबाबत आंधळे होते असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. मनशीळ आणि हिंगूळ पाण्यात घोटून, वरचं पाणी पुन्हा पुन्हा ओतून टाकून त्याची भुकटी करायची अशी त्यांची रीत आहे. मनशिळीत मिसळलेला, पाण्यात विरघळणारा सोमल त्यामुळे बराचसा धुऊन निघतो. मनशिळीला आग दाखवू नये, असाही दंडक आहे. तो किती अचूक आहे पाहा. मनशीळ हवेत तापवली की तिचाच सोमल होतो, आणि हिंगूळ तापवला की पाऱ्याची वाफ सुटते. रसायनशास्त्राचा गंध नसताना केवळ अनुभवानं मिळवलेलं हे ज्ञान होतं. पण विषाची धार बोथट कशी करावी हे कळणं वेगळं आणि ते विष नेमकं कोणाला बरं करतं हे कळणं वेगळं. दुसरा प्रश्न विचारला जायला विसावं शतक उजाडावं लागलं.

तिघांतला खरा कोण?

चीनच्या ईशान्य टोकाला, रशियाच्या सीमेला लागून असलेला हेलोंगजियांग प्रांत. थंडी अशी, की हार्बिन शहरात हिवाळ्यात बर्फाचे महाल उभारतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत, शहरातल्या डॉक्टरांची पथकं खेड्यापाड्यांत पाठवली जात होती. त्या वेळी लिनद्यान तालुक्यातल्या एका गावात कर्करोग बरा होतो, अशी वार्ता कानोकानी पसरली. तिथला एक वैद्य म्हणे तीन विषांचं मिश्रण देत होता. सोमल, रसकापूर म्हणजे पाऱ्याचा एक क्षार, आणि भेकाच्या कातडीतून निघणारं विष. तीन विषं एकत्र! ऐकूनच अंगावर काटा यावा.

हार्बिन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातले औषधनिर्माते हान तायुन यांनी १९७१ साली या नुस्ख्याचं इंजेक्शन बनवलं. त्याच रुग्णालयातले डॉक्टर झांग तिंगडोंग तपासणीसाठी त्या गावात गेले. झांग आधुनिक वैद्यक शिकलेले आणि नंतर चिनी वैद्यकाचाही अभ्यास केलेले. असा माणूस गावठी औषधाची एक तर टर उडवतो, नाही तर त्यावर भक्तिभावानं माथा टेकवतो. झांग यांनी दोन्ही केलं नाही. इंजेक्शन हार्बिनला आणलं, रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि जे दिसलं ते लिहून ठेवलं. १९७३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णांचा अहवाल प्रांतातल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापला.

मग सुरू झालं ते कंटाळवाणं, चिकाटीचं काम. खरी कहाणी तिथेच आहे. औषधानं रुग्णांना बरं वाटत होतं, पण काहींच्या लघवीत प्रथिनं जाऊ लागली, म्हणजे मूत्रपिंडाला इजा होत होती. काहींचा रक्तदाब चढायचा, डोकं ठणकायचं. झांग यांच्या पथकानं तिन्ही विषं सुटी करून पाहिली. मूत्रपिंडाचा गुन्हेगार निघाला रसकापूर. रक्तदाबाचा, भेकाचं विष. दोन्ही काढून टाकली तरी औषधाचा गुण कायम राहिला! म्हणजे काम करत होता तो एकटा सोमल. ज्याच्या नावानं लोक सर्वाधिक घाबरतात, तोच कामाचा, आणि बाकीचे दोघे नुसते उपद्रवी.

दुसरा शोध याहून मोलाचा. रक्ताचा कर्करोग एकच नसतो, त्याचे अनेक प्रकार. झांग यांनी निरनिराळ्या प्रकारच्या रुग्णांवर हे औषध वापरलं. १९७० चं दशक सरता सरता दिसून आलं, की एका प्रकारात ते विलक्षण लागू पडतं. त्याचं नाव अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, थोडक्यात एपीएल.

हा रोग किती भयंकर, ते समजून घेतल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. १९५७ साली नॉर्वेतल्या एका डॉक्टरनं तो प्रथम वेगळा ओळखला, तेव्हा रक्ताच्या कर्करोगांतला सर्वांत झपाट्यानं मारणारा अशी त्याची ओळख करून दिली होती. रुग्ण बहुधा तरुण किंवा मध्यमवयीन. हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर काळेनिळे डाग उठतात, आणि मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊन काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत खेळ खलास. अशा रोगाच्या ३२ रुग्णांचा अहवाल हार्बिनच्या पथकानं १९९२ साली छापला. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांच्या रक्तातून रोगाची खूण नाहीशी झाली होती. त्यातले कित्येक वर्षानुवर्षं जगले होते.

पण हे सारं चिनी भाषेत. बाहेरच्या जगाला पत्ताच नाही!

सोमल कसा चालतो?

इथे कहाणी शांघायला पोहोचते. तिथले डॉक्टर वांग झेनयी हेही याच रोगाच्या मागे लागलेले होते, पण वेगळ्या वाटेनं. जीवनसत्त्व 'अ'पासून तयार होणाऱ्या एका औषधानं, त्याचं लघुनाम अ‍ॅट्रा, त्यांनी १९८० च्या दशकात एपीएलचे रुग्ण बरे करून दाखवले. अडचण एवढीच, की त्यातल्या अनेकांचा रोग काही काळानं उलटायचा. १९९० च्या दशकात वांग यांचे शिष्य चेन झू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्बिनच्या डॉक्टरांबरोबर सोमलावर काम सुरू केलं. (हेच चेन झू पुढे २००७ ते २०१३ या काळात चीनचे आरोग्यमंत्री होते.) १९९७ साली त्यांनी रोग उलटलेल्या १५ रुग्णांचा निष्कर्ष इंग्रजीत छापला. १५ पैकी १४ जणांचा रोग पुन्हा हटला होता.

सोमल करतो तरी काय? सोप्या भाषेत सांगायचं, तर एपीएलमध्ये पेशीतल्या १५ व्या आणि १७ व्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले जातात. त्या अदलाबदलीतून एक जोडप्रथिन तयार होतं. हे प्रथिन कोवळ्या पांढऱ्या पेशींना वयात येऊच देत नाही. पोरवयातच अडकलेल्या या पेशी वाढत राहतात आणि रक्त भरून टाकतात. अ‍ॅट्रा या जोडप्रथिनाच्या एका अर्ध्या भागाला धरतं, आर्सेनिक दुसऱ्या अर्ध्याला. प्रथिन मोडून पडतं आणि पेशी एक तर वयात येतात, नाही तर मरतात. म्हणजे दोन चिनी शहरांतल्या दोन औषधांनी एकाच चोराचे दोन हात पकडले! म्हणूनच ते या एका रोगात इतकं चालतं आणि इतर कर्करोगांत फारसं चालत नाही. गावातल्या त्या वैद्याकडे सगळ्या तऱ्हेच्या गाठींचे रोगी येत. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा काय उपयोग झाला असेल?

न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग कर्करोग रुग्णालयात १२ रुग्णांवर हाच प्रयोग झाला. ११ जणांना गुण आला. १९९८ साली तो निष्कर्ष जाहीर झाला आणि सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकी सरकारनं 'ट्रायसेनॉक्स' या नावानं सोमलाच्या इंजेक्शनला परवानगी दिली. २०१३ साली युरोपातल्या मोठ्या पाहणीत फार तीव्र नसलेल्या एपीएलच्या रुग्णांना केस गळवणारी नेहमीची केमोथेरपी न देता केवळ अ‍ॅट्रा आणि सोमल देण्यात आले. या गटातल्या ज्या ७७ रुग्णांचा हिशेब लावता आला, त्या साऱ्यांचा रोग हटला. २०२० साली चीनमधला 'फ्यूचर सायन्स' पुरस्कार झांग आणि वांग यांना विभागून मिळाला. झांग तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते.

भारताचाही यात वाटा आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही. तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांपुढे वेगळाच पेच होता. परदेशातले महागडे उपचार आपल्या रुग्णांना परवडत नाहीत. त्यांनी १९९८ पासून नव्यानं रोग झालेल्यांना पहिल्यापासून निव्वळ सोमलच द्यायला सुरुवात केली. २००४ पर्यंतच्या अशा ७२ रुग्णांचा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. ७२ पैकी ६२ जणांचा रोग हटला होता. स्वस्त म्हणून निवडलेलं औषध गुणालाही कमी पडलं नाही.

अर्थात हे औषध घरी चमच्यानं घ्यायचं नव्हे. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १० मिलिग्रॅम सोमल शिरेतून, सावकाश थेंबाथेंबानं देतात. साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम एकदम पोटात गेला तर माणूस दगावू शकतो. म्हणजे औषध आणि मरण यांत अंतर फार नाही. उपचार चालू असताना हृदयाचा आलेख पुन्हा पुन्हा काढतात, कारण ठोक्यांची लय बिघडू शकते. रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासतात. पेशी एकदम वयात येऊ लागल्या की ताप, धाप, अंगावर सूज असा उठाव होतो, त्यावर तत्काळ वेगळी औषधं द्यावी लागतात.

दुकानातली लाल गोळी

सोमल परीक्षेला बसला आणि पास झाला. त्याच्या भावंडांचं काय?

चीनमध्ये आजही हिंगूळ आणि मनशीळ घातलेल्या तयार गोळ्या दुकानात मिळतात. त्यांतली सर्वांत नावाजलेली आनगोंग न्यूह्वांग. अठराव्या शतकाच्या अखेरच्या एका ग्रंथातली ही गोळी. गोरोचन, कस्तुरी, मोती आणि त्यांच्या सोबतीला हिंगूळ व मनशीळ. पूर्वी गेंड्याचं शिंगही असायचं, १९९३ च्या बंदीनंतर तिथे म्हशीचं शिंग आलं. एकेका गोळीला शेकडो युआन पडतात. पक्षाघाताचा झटका आल्यास तोंडात घालायला हवी म्हणून अनेक सुखवस्तू घरांत ती जपून ठेवलेली असते. म्हाताऱ्या आईवडिलांना भेट म्हणून देतात. मुळात ताप मेंदूत चढून शुद्ध हरपलेल्या रोग्यासाठी असलेली ही गोळी काही जण आता झटका येऊच नये म्हणून अधूनमधून घेतात. प्रतिष्ठेची गोष्ट झाली की औषधाचं असंच होतं.

हिंगुळाची बाजू घेणारे सांगतात, की त्यातला पारा गंधकाशी घट्ट बांधलेला असतो, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. माशांतून पोटात जाणारा पारा किंवा फुटक्या थर्मामीटरची वाफ यांच्याशी त्याची तुलना करू नका. हे बोलणं खरं आहे. पण कमी विषारी असणं म्हणजे गुणकारी असणं नव्हे. थोडा का होईना, पारा अंगात शोषला जातो, आणि गोळी महिनोन्महिने घेतली तर मूत्रपिंडात साठत जातो. चीनच्या अधिकृत औषधसंहितेनंच हिंगुळाची मात्रा दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या आत आणि मनशिळीची एक दशांश ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितली आहे. फार दिवस घेऊ नका, गरोदर बायकांनी अजिबात घेऊ नका, हेही सांगितलं आहे. मग एवढी जोखीम पत्करून रोग्याच्या पदरात काय पडतं? गोळीतून हिंगूळ वगळला तर तिचा गुण कमी होतो का? हार्बिनमध्ये तीन विषं सुटी करून जसं पाहिलं, तसा पडताळा या गोळ्यांच्या वाट्याला क्वचितच आला. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी झालेल्या मिनामाटा करारानंही परंपरेनं वापरात असलेल्या वस्तूंना बंदीतून सूट दिली आहे.

मनशिळीच्या बाबतीत मात्र एक अपवाद घडला. तिच्यात निळीचं चूर्ण आणि आणखी दोन वनस्पती घालून केलेल्या गोळ्या चिनी डॉक्टरांनी एपीएलच्या रुग्णांना पोटातून दिल्या. सोमलाच्या इंजेक्शनशी त्यांची तुलना केली, आणि २०१३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार त्या इंजेक्शनच्या तोडीस तोड ठरल्या. दोन्ही गटांना सोबत अ‍ॅट्रा होतंच. इंजेक्शनसाठी रुग्णालयात पडून राहावं लागतं, गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी घेता येतात.

ही मनशीळ येते कुठून, हेही पाहायला हवं. हुनान प्रांतातल्या शिमेन तालुक्यात आशियातली सर्वांत मोठी खाण होती. दीड हजार वर्षांची म्हणून सांगतात. विसाव्या शतकात तिथे खनिज भाजून सोमल काढण्याचा कारखाना चालला. धूर शेतांवर, राख ओढ्यात. गावकऱ्यांच्या तळहातांना, तळपायांना घट्टे पडू लागले, कातडीवर काळे-पांढरे डाग उठले, कर्करोगानं माणसं गेली. आर्सेनिकचं जुनं विष असंच चढतं, वर्षानुवर्षं, पाण्यातून आणि धान्यातून. २०११ साली खाण बंद झाली. जमिनीत मुरलेलं आर्सेनिक मात्र तिथेच आहे.

आपल्या घरात

आयुर्वेदाच्या रसशास्त्रातही हिंगूळ, मनशीळ, हरताळ, सोमल आहेत. तिथेही शोधनाच्या किचकट रीती आहेत आणि त्या नीट पाळल्या गेल्या की नाही, हे बाटलीकडे पाहून कळत नाही. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक औषधं विकत आणून तपासली गेली, त्याचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. १४ औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं. इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ औषधांच्या तपासणीचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हाही प्रमाण साधारण पाचातलं एक असंच निघालं.

आपल्या कायद्यात यासाठी तरतूद आहे. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांतल्या 'ई-१' या परिशिष्टात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांत वापरल्या जाणाऱ्या विषारी द्रव्यांची यादी आहे. हिंगूळ, मनशीळ, हरताळ, सोमल, पारा, रसकापूर सगळे तिथे नाव लावून बसले आहेत. यांपैकी काही पोटात घ्यायच्या औषधात असलं, तर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, अशी सूचना इंग्रजी आणि हिंदीत वेष्टनावर छापावी लागते.

तेव्हा घरात अशी काही गुटी किंवा भस्म असेल तर बाटली फिरवून ती ओळ शोधा. घटकांच्या यादीत संस्कृत नावं असतात. हिंगुल, मनःशिला, हरताल, गौरीपाषाण. यातलं शेवटचं नाव सोमलाचं. असं औषध चालू असेल तर दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना ते सोबत न्या, मूत्रपिंड किंवा यकृताचा विकार असेल तर आवर्जून दाखवा. गरोदर बाईला आणि लहान मुलाला ते परस्पर देऊ नका. अंगावर विनाकारण काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, जोडीला ताप आणि थकवा असं दिसलं, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. एपीएलमध्ये अ‍ॅट्रा पक्क्या निदानाची वाट न पाहता, नुसत्या संशयावरूनही सुरू करतात. कारण अजूनही या रोगात जे रुग्ण दगावतात, त्यातले बरेच पहिल्या काही दिवसांतच, औषध पोहोचण्याआधी, रक्तस्रावानं दगावतात.